रज्जाकभाईंचं बोलणं

रज्जाकभाई बोलायला उभे राहिले की सभागृहात आधी हशा पिकायचा. कॉलेज बारामतीचं असो नाहीतर इंदापूरकडचं, हे ठरलेलंच. मागच्या बाकांवरून एक फुसकारा यायचा, तो रांगेरांगेनं पुढं सरकायचा आणि पहिल्या रांगेतल्या मुली ओढणी तोंडाला लावायच्या. प्राचार्य खुर्चीतून अर्धवट उठून हात वर करायचे. रज्जाकभाई थांबायचे. खांद्यावरच्या नॅपकिननं ओठांचा उजवा कोपरा पुसायचे, माझ्याकडं बघून मान हलवायचे. मग मी माईक जवळ ओढून त्यांचं वाक्य परत म्हणायचे.

"ते म्हणतात, माल बघून घ्या, मग बोला."

इंदापूरच्या बाजारात डाळिंबाचे लिलाव पुकारण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. क्रेटमधलं वरचं फळ उचलून, व्यापाऱ्यांच्या नाकासमोर धरून ते हेच म्हणायचे. आता स्वतःच्या चेहऱ्याकडं बोट करून म्हणत. उजवा गाल होता, पण तो कॅन्सरच्या ऑपरेशनात छातीवरची कातडी आणि मांस आणून लावलेला. खालच्या जबड्याचं हाड मध्येच संपत होतं, त्यामुळं हनुवटी एका अंगाला ओढलेली. जीभही कडेनं कापलेली. त्यांनी 'माल बगा' म्हटलं की ऐकणाऱ्याला नुसतं 'आअ अआ' ऐकू यायचं.

मला ते कळायचं, यात माझं कौतुक काही नाही. माझे वडील कळंबला अर्धांगवायूनं पडून होते. शेवटी त्यांचं बोलणं घरात मला एकटीलाच समजायचं. त्या सवयीनं कान तयार झाला होता. अक्षरांच्या मागं लागायचं नाही, सूर धरायचा, बाकीचं आपोआप जुळतं.

मी इंदापुरातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. बारामतीहून रोज एसटीनं ये-जा. राष्ट्रीय सेवा योजनेचं काम कुणी घेईना म्हणून माझ्याकडं आलं आणि मग तंबाखूमुक्तीचंही माझ्याच गळ्यात पडलं. वरून परिपत्रक यायचं, आम्ही शपथ घ्यायचो, रांगोळी काढायचो, फोटो पाठवायचो. गेटवर पाटी होती, शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला मनाई आहे. टपरीवाल्यानं टपरी उचलून पाटीच्या मागल्या अंगाला, वळणावर नेली होती. वर्गात पोरांच्या गालात मावा असायचा. हजेरी घेताना 'यस मॅडम' न म्हणता नुसता हात वर करणारी पोरं कोण आणि का, हे सगळ्या प्राध्यापकांना माहीत होतं.

अशाच एका कार्यक्रमाला बारामतीचे एक दाताचे डॉक्टर आले, त्यांनी सोबत रज्जाकभाईंना आणलं. डॉक्टर पडद्यावर चित्रं दाखवत बोलले. मुलं मोबाइलमध्ये. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता हे दोन शब्द बोलतील." रज्जाकभाई बोलले, आणि तोच हशा. डॉक्टरांनाही त्यांचं बोलणं नीट कळत नव्हतं, ते घाईनं आभार मानायला उठले. मी कडेला उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "ते विचारतायत, तुम्हाला पहिली पुडी कुणी दिली?"

मोबाइलमधली डोकी वर आली. रज्जाकभाईंनी माझ्याकडं वळून बघितलं. परक्या गावात कुणी नावानं हाक मारली की माणूस जसं बघतो, तसं.

तिथून पुढं आम्ही जोडीनं फिरलो, माणूस आणि त्याचा दुभाष्या.

'पयली पुडी कुनी दिली?' हा एवढा एकच प्रश्न त्यांच्या भाषणात असायचा. तंबाखू सोडा असं त्यांनी माझ्यासमोर कुणालाही सांगितलं नाही. पोरं आधी लाजायची, मग एकेकाचं तोंड उघडायचं. मामानं दिली. थोरल्या भावाच्या खिशातली घेतली. होस्टेलवर रूममेटनं. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं. दुकानदाराचं नाव कुणी घ्यायचं नाही. सगळ्यांना ती पुडी जिव्हाळ्याच्या माणसानं, प्रेमानं दिलेली. मग रज्जाकभाई सांगायचे, "मीबी लई जनांना दिलीया. हमालांना, पोरांना. कुनी नको म्हनलं तर मला राग यायचा." हे वाक्य मी परत म्हणताना ते खाली बघत उभे राहायचे.

त्यानंतर ते तोंडातल्या केसांचं सांगायचे. छातीची कातडी गालाला आतून लावली होती आणि छातीवर केस असतात. ते आता तोंडात उगवायचे. महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टरांकडं जाऊन ते कापून घ्यावे लागत. "दाढी दोन बाजूनं करावी लागती," असं ते म्हणायचे आणि मी तसंच सांगायचे. मुलं हसायची, आणि हसता हसता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गोठायचं. एका मुलीला अंथुर्ण्याजवळच्या एका शिबिरात चक्कर आली होती. रज्जाकभाईंना त्याचं फार वाईट वाटलं. पुढचे काही कार्यक्रम त्यांनी केसांचं सांगितलंच नाही.

माझ्यावर त्यांचा एक कायमचा आक्षेप होता. मी शिक्षिका, मला चार वाक्यांचं आठ करायची खोड. एकदा परत येताना निमगाव केतकीच्या स्टँडवर आम्ही एसटीची वाट बघत होतो. ते केळी खात होते. केळं, ताक, गुरगुट्या भात, शिरा, एवढंच त्यांना खाता यायचं आणि केळी घेतल्याशिवाय ते कुठल्याच स्टँडवरून हलत नसत. बोटानं केळ्याचा तुकडा डाव्या गालात नीट सरकवत ते म्हणाले, "मॅडम, एक इचारू?"

"विचारा की."

"मी म्हनलं, मला भूक लागती. तुमी त्यावर केवढं बोलला?"

मी आठवलं. त्यांनी म्हटलं होतं, 'मला भूक लागती, खाता येत न्हाय.' त्यावर मी अन्नाची चव, कुटुंबाचं एकत्र जेवण, आरोग्य हीच संपत्ती असं बरंच काही सांगितलं होतं.

"मी एवढं लांब न्हाय बोललो," रज्जाकभाई म्हणाले. "लिलाव पुकारनाऱ्यानं शेतकऱ्याच्या मालाची तारीफ करू नये. फळ वर धरायचं. गिऱ्हाइकाला डोळं असत्यात."

त्यानंतर मी जपून राहिले. तरी सवय जात नव्हती, आणि व्यासपीठावर मी जरा वाहवले की ते नॅपकिन एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकायचे. ती मला खूण.

एका कॉलेजात आमच्या कार्यक्रमानंतर एक क्लिप फिरली. सागर नावाच्या वरकुट्याच्या पोरानं कॅन्टीनमध्ये टेबलावर उभं राहून रज्जाकभाईंची नक्कल केली होती. एक गाल आत ओढून 'आअ अआ', खांद्यावर रुमाल, शेजारी दुसरा एक पोरगा ओढणी घेऊन माझं सोंग घेतलेला. ती क्लिप आमच्या स्टाफच्या ग्रुपवरही आली. दोघा-तिघांनी हसण्याचे चेहरे टाकले आणि मग पुसले. मी रागानं त्या कॉलेजच्या प्राचार्यांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, पोरंच आहेत. कार्यक्रमाचे फोटो तेवढे पाठवा."

मी रज्जाकभाईंना काही दाखवणार नव्हते. त्यांच्याच मोहल्ल्यातल्या कुणीतरी दाखवली. दुसऱ्या दिवशी ते कॉलेजवर आले आणि मला म्हणाले, "पोरगं हुशार हाय. 'माल बगा' बराबर म्हनतंय. तीन येळा बगितली. मला त्याला भेटायचंय."

मी नको म्हटलं. ते एकटेच गेले. पुढचं मला सागरनंच नंतर सांगितलं. त्याच्या कॉलेजबाहेरच्या टपरीवर सागर मावा चोळत उभा होता. रज्जाकभाई शेजारी जाऊन बसले. पोरगं पळायच्या बेतात होतं. रज्जाकभाईंनी त्याला नुसतं हातानं बसवलं आणि स्वतःच्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून दाखवली, मग सागरच्या तोंडाकडं बोट केलं. तीन बोटं उभी तोंडात जातात का बघ, असा त्याचा अर्थ. कुणाही धडधाकट माणसाची जातात. सागरनं हसत हसत बोटं घातली. एक गेलं. दुसरं अर्ध्यावर अडलं. त्यानं परत प्रयत्न केला. टपरीवरची बाकीची पोरंही आपापली बोटं तोंडात घालून बघायला लागली, आणि टपरीवाला ओरडला, "ए, धंद्याच्या टायमाला काय लावलंय?"

रज्जाकभाईंनी सागरला एसटीत बसवून त्या बारामतीच्या डॉक्टरांकडं नेलं. गालाच्या आतली कातडी पांढरी, ताठ झाली होती. अजून काही वाईट नव्हतं, पण वाट तीच होती. इंजेक्शनं, तोंड उघडायचे व्यायाम, मावा पूर्ण बंद. काही महिने सागर आमच्या कार्यक्रमांना येऊन मागं उभा राहायचा. कधी रज्जाकभाईंची पाण्याची बाटली धरायचा. मला वाटलं, चला, एक तरी सुटला.

पुढं त्यानं कॉलेज सोडलं आणि जेसीबीवर लागला. एकदा मी एसटीच्या खिडकीतून बघितलं, अंथुर्ण्याच्या थांब्याजवळ तो उभा होता, डावा गाल फुगलेला. मला बघितल्यावर त्यानं पटकन पाठ केली आणि हातातली पुडी खिशात घातली. मी हे रज्जाकभाईंना सांगितलं, तेव्हा मला रडू येईल असं वाटत होतं. इतका शीण आला होता.

"लपावली ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग ठीक हाय. न लपावनारा लांब गेल्याला असतो." मग म्हणाले, "मी कवा लपावली न्हाय."

रज्जाकभाईंच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती सरकारी कामानं. अल्पसंख्याक वस्तीत जनजागृती करा असं परिपत्रक आलं होतं. आमच्या प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "ते तुमचे चाचा आहेत ना, त्यांच्याच मोहल्ल्यात घ्या की. फोटोही चांगले येतील." मी रज्जाकभाईंना विचारलं. त्यांनी नॅपकिनची घडी करून तो परत खांद्यावर टाकला.

"या," ते म्हणाले. "पन तितं माझं कोन ऐकत न्हाय. आदीच सांगतो."

सकाळी मी चार विद्यार्थिनींना घेऊन गेले. गल्लीत शिरतानाच वास आला. तव्यावर तंबाखू भाजल्याचा उग्र, घशाला लागणारा वास. ज्यांनी गावाकडं दिवस काढलेत त्यांना मिसरी सांगायला नको. तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि त्या भुकटीनं दात घासत बसायचं. माझी आजी घासायची, चुलत्याही. यात जातधर्म काही नाही, आमच्या कळंबात घरोघरी तेच होतं. रज्जाकभाईंच्या दारात पायरीवर त्यांची बायको नसीमभाभी बसली होती, शेजारच्या तिघी-चौघी सोबत. सगळ्यांचं बोट तोंडात. भाभींनी मला बघितलं, हातानंच आत जायची खूण केली आणि घासत राहिल्या. रज्जाकभाई दारात उभे होते. त्यांचा चेहरा मी तेवढा पडलेला कधी बघितला नव्हता, हशा झाला तेव्हाही नाही.

पुण्याच्या इस्पितळात नवऱ्याचा गाल काढत होते, तेव्हा ही बाई बाहेर जिन्यात बसून मिसरी लावत होती. हे तिनंच मला नंतर सांगितलं, काही न लपवता.

जमातखान्यात बायका जमल्या, तीस-चाळीस तरी असतील. माझ्या विद्यार्थिनी बोलल्या, तक्ते दाखवले. बायकांनी शांतपणानं ऐकलं, लेकरं मांडीवर घेऊन. मग रज्जाकभाई उभे राहिले. इथं कुणी हसलं नाही. हे सगळ्यांचं घरचं माणूस होतं आणि त्यांचं बोलणं इथं बहुतेकींना कळत होतं, त्यामुळं मला काही कामच नव्हतं. त्यांनी विचारलं, "तुमाला पयली चिमट कुनी दिली?"

मागून नसीमभाभींचा आवाज आला. "मला तुमच्या अम्मीनं दिली."

बायका हसल्या. रज्जाकभाई काही बोलणार, तेवढ्यात भाभी उभ्या राहिल्या. उंच, हाडापेराच्या, डोक्यावरचा पदर दातात धरायची सवय.

"ह्यांनी मावा सोडला तो डॉक्टरांनी गाल काढल्यावर," त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या. "आदी मी किती येळा पाया पडले, इचारा. माझा गाल अजून जाग्यावर हाय मॅडम. मला कशाला शिकवत्यात?"

रज्जाकभाईंनी नॅपकिन तोंडाला लावला आणि ते खाली बसले. कार्यक्रम संपला. फोटो चांगले आले.

मी निघताना भाभींनी मला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. रज्जाकभाई बाहेर गेले होते. चुलीजवळ बसून त्या सांगू लागल्या. आवाजात भांडण नव्हतं, थकवा होता.

"राग मानू नका. लोकांपुढं बोलायला नको हुतं. पन मॅडम, तुमाला सांगू का, लगीन हून आले तवापास्नं ह्या घरात उठल्यापास्नं झोपस्तोवर हाका असत्यात. सासू हाक मारती, पोरं हाक मारत्यात, हे मारत्यात. आता आजारपनात तर बोलायलाच नको. फकस्त मिसरी लावली की कोन हाक मारत न्हाय. तिच्या तोंडात हाय म्हनत्यात, जरा थांबा. तेवढा पाव तास माझा. तो तुमी काढून घेनार, आन त्या बदल्यात काय देनार? तक्ता?"

मी अर्थशास्त्र शिकवते. मी चहा पीत राहिले.

हे मी रज्जाकभाईंना सांगितलं. यावेळी एक शब्दही जास्त न घालता. ते म्हणाले, "मला वाटायचं तिला नाद हाय." आणि नॅपकिननं ओठ पुसून, "नाद हायच. पन तेवढाच न्हाय."

त्यांनी मग एक केलं. सकाळी लवकर उठून स्वतः चहा करायचा, पायरीवर बसलेल्या बायकोच्या हातात द्यायचा आणि घरातल्या कुणालाही तिला हाक मारू द्यायची नाही. गल्लीतले लोक हसायला लागले. रज्जाकभाईंना हशाची सवय होती. मी काही दिवसांनी विचारलं, "काही फरक?"

"व्हय, हाय ना," ते म्हणाले. "आदी मिसरी लावायची. आता आदी च्या पिती, मग मिसरी लावती. अर्धा तास झाला तिचा."

त्यावर आम्ही दोघंही एसटीत इतके हसलो की कंडक्टर वळून बघायला लागला. हसताना त्यांना लाळ आवरायची नाही. त्यांनी नॅपकिन तोंडावर दाबून धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

त्या काळात आम्ही किती कॉलेजं फिरलो याचा हिशेब माझ्याकडं नाही. प्रत्येक ठिकाणी शाल आणि नारळ. नारळ ते खाऊ शकत नव्हते. शाली त्यांनी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना वाटल्या, आणि इंदापुरात थंडीच्या दिवसांत सकाळी बाजाराकडं गेलं की कुठल्या ना कुठल्या म्हाताऱ्याच्या अंगावर तसली शाल दिसायची. पोरांचं म्हणाल तर, काहींनी सोडला. बहुतेकांनी नाही. एखादा वर्षभरानं स्टँडवर भेटून 'चाचा, सोडला बरं का' म्हणायचा. रज्जाकभाई त्याच्या गालावर चापट मारायचे आणि तीन बोटं दाखवायचे. पोरगं तोंड उघडून दाखवायचं. त्यांना बोलण्यावर भरवसा नव्हता, बोटांवर होता.

मग डाव्या बाजूला, मानेत, गाठ आली.

पुन्हा पुणं, पुन्हा शस्त्रक्रिया, किरणांचा शेक. या खेपेला आवाज संपला. काही उरलंच नाही, सूरही नाही. नाकातून नळी घातलेली आणि त्या नळीतून पेज, ताक, दूध. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी खूप वेळ माझ्याकडं बघितलं, मग ओठ हलवले. मी वाकून ऐकायचा प्रयत्न केला. काहीच कळलं नाही. मी म्हटलं, "परत सांगा." त्यांनी परत सांगितलं. मला तरीही कळलं नाही, आणि ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझा हात थोपटला, अजाण पोराची समजूत घालावी तसा.

नसीमभाभी नळीला लावायची मोठी पिचकारी गरम पाण्यात धूत होत्या. त्यांची बोटं स्वच्छ होती. नखांच्या कडेला कायमचा असणारा मिसरीचा काळेपणा गेला होता. माझी नजर त्यांनी पकडली.

"सुटली न्हाय मॅडम," त्या म्हणाल्या. "येळच मिळंना. दर दोन तासाला पेज घालायची. हात तंबाखूचा असला तर नळीला लागंल, ह्यांना ठसका लागतोय. म्हनून ऱ्हायलीय. कार्यक्रमात सांगू नका सुटली म्हनून."

मी सांगितलं नाही.

कॉलेजात आता मी एकटीच बोलते. कुणी हसत नाही. मी रज्जाकभाईंबद्दल सांगते तेव्हा मुलं नीट ऐकतात, काही मुलींच्या डोळ्यात पाणीही येतं, आणि कार्यक्रम संपल्यावर मुलं वळणावरच्या टपरीकडं जातात. कधी कधी मला वाटतं, तो हशाच बरा होता. निदान त्यांनी वर बघितलेलं असायचं.

त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर रज्जाकभाई फार दिवस राहिले नाहीत. जनाज्याला बाजारातले हमाल, व्यापारी, अडते सगळे होते असं ऐकलं. सागरही होता म्हणे. मी त्या दिवशी परीक्षेच्या कामावर होते, मला उशिरा कळलं.

पण त्याआधी मी त्यांना एकदा बघितलं होतं. सकाळची वेळ, थंडीचे दिवस. केळी आता त्यांना चालत नव्हती, तरी सवयीनं स्टँडवरून केळी घेऊन मी गल्लीत शिरले. रज्जाकभाईंची बाज उन्हात आणून ठेवली होती, दारासमोर. ते उशीला टेकून बसले होते, नाकात नळी, खांद्यावर नॅपकिन. अंग फार उतरलं होतं. पायरीवर नेहमीच्या बायका बसल्या होत्या, बोटं तोंडात, आणि नसीमभाभीही येऊन त्यांच्यात टेकल्या होत्या. हात मांडीवर, रिकामे. आत चुलीवर पेज शिजत असावी, कारण त्या अधूनमधून मान वळवून आत बघत होत्या.

एकीनं आपली डबी पुढं केली. "घे गं जराशी. किती दिस झालं."

मी गल्लीच्या तोंडाशीच थांबले. मला कुणी बघितलं नव्हतं. रज्जाकभाईंनी मात्र ती डबी बघितली. मला स्पष्ट दिसलं, त्यांची नजर डबीवर गेली, तिथून बायकोच्या चेहऱ्यावर. आणि मग त्यांनी डोळे मिटून घेतले. मान उशीवर कलती केली, तोंड थोडं उघडं ठेवलं, गाढ झोपलेल्या माणसासारखं. इतक्या सगळ्यांना त्यांनी 'माल बघा' म्हणून डोळे उघडायला लावले होते, आणि इथं स्वतःचे मिटून घेतले. तिचं तिला ठरवू देत होते.

नसीमभाभींनी डबी हातात घेतली. झाकण उघडलं, वास घेतला. बराच वेळ डबी तशीच धरून बसल्या. शेजारीण काहीतरी बोलत होती, त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी झाकण लावलं, डबी पलीकडच्या बाईच्या मांडीवर ठेवली आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. आत गेल्या. भांड्याचा आवाज आला. वाटीत पेज आणि पिचकारी घेऊन बाहेर आल्या, बाजेच्या कडेला बसल्या आणि बोटाच्या पेरानं पेज किती गरम आहे ते बघितलं.

रज्जाकभाई अजून झोपलेलेच.

"उठा," भाभी म्हणाल्या. "सोंग समजतंय मला. पेज निवाय लागली."

त्यांनी एक डोळा उघडला.